मधली झाडं

रशव्हिल, नेब्रास्का
१४ मार्च १९७६

श्री. एमिल वोंद्रा यांस,

तुमची चिठ्ठी मिळाली. ती इथे पुन्हा उतरवते, म्हणजे आपण दोघं एकाच मजकुराबद्दल बोलतो आहोत हे नक्की होईल: "लेनर्ड शिमेक फिरता नळ बसवून द्यायला तयार आहे. मधली झाडं काढावी लागतील. आईची अर्धी जमीन तुझ्या नावावर आहे. हो की नाही कळव."

हो की नाही कळवण्याआधी मला माहिती हवी.

वारा अडवायला लावलेल्या त्या पट्ट्यात मूळच्या झाडांच्या दहा ओळी होत्या. त्यातल्या ओळी म्हणण्यासारख्या आज किती उरल्या आहेत? एल्म किती जिवंत आहेत? जिवंत म्हणजे शेंड्यापर्यंत पालवी येणारं झाड, बुंध्याशी चार फुटवे आलेलं नव्हे. सीडरची उंची घराच्या छपराशी ताडून सांगितली तरी चालेल. शिमेकचा नळ शेताच्या मध्यावर रोवून, पाणी शिंपत, घड्याळाच्या काट्यासारखा पूर्ण फिरवायचा आहे, की झाडांपाशी थांबून उलटा फिरेल असा? तसे नळ मिळतात. विक्रेते ते आपणहून सांगत नाहीत.

हे सगळं फोनवर दोन मिनिटांत झालं असतं असं तुम्ही म्हणाल. फोन मी दोनदा केला होता. दोन्ही वेळा तुम्ही माझा आवाज ऐकून ठेवून दिलात. दुसऱ्या खेपेला मागे रेडिओवर धान्याचे भाव चालू होते, म्हणजे तुमची जेवणाची वेळ होती. वेळ निवडताना माझी चूक झाली असेल.

उत्तर लेखी द्यावं.

लिबुशे वोंद्रा


४ एप्रिल १९७६

बाबा,

"'श्री.' काय? मी काय बँक आहे?" हा आक्षेप मान्य. वर दुरुस्ती केली आहे.

तुमची मोजमापं पाहिली. छपराशी ताडायची युक्ती तुम्ही नीट वापरलीत. फक्त धुराडं धरून की सोडून ते लिहायला हवं होतं. सोडून, असं समजते.

या माहितीवरून निघणारा निष्कर्ष तुमच्या बाजूचा आहे. एल्म इतकी वर्षं टिकले हेच जास्त. त्यांचे शेंडे वाळले की पट्ट्याची उंची निम्म्यावर येते, आणि उंचीच्या दहापट अंतरापर्यंतच झाडं वारा अडवतात. म्हणजे आज तुमच्या शेतातला बराचसा भाग उघडाच आहे. मी माती तपासणारी बाई आहे, झाडांची तज्ज्ञ नाही, पण दुसऱ्या कुणाच्या शेताबद्दल मला विचारलं असतं तर "काढा, आणि जमलं तर दुसरीकडे नवी लावा" असं मी लिहून दिलं असतं.

उलटा फिरणारा नळ घ्या या सूचनेवर तुमचं उत्तर वाचलं. "अर्धंच फिरायचं तर मी अर्धा नळ मागतो, शिमेक देईल का?" आर्थिक मुद्दा म्हणून बरोबर आहे.

तरीही उत्तर आज देत नाही. "काढू नका" म्हणायला मला कारण सापडलेलं नाही, आणि कारणाशिवाय मी सहसा काही म्हणत नाही. शोधते आहे.

शोधताना एक गोष्ट लक्षात आली. तुम्ही चिठ्ठीत "मधली झाडं" लिहिलंत. घरात हा शब्द फक्त आईचा होता. तुम्ही कायम "त्याची झाडं" म्हणायचात. त्याची म्हणजे राष्ट्राध्यक्षाची. रूझवेल्ट हे नाव आपल्या टेबलावर घेतलं जात नसे, वाईट आजाराचं घेत नाहीत तसं. आईच्या दृष्टीनं ती मधली होती, कारण तिच्या बापाचं शेत पूर्वेला, तुमच्या बापाचं पश्चिमेला, आणि छत्तीस साली, दुष्काळानं शेतांची धूळ उडत असताना, सरकारी टोळी आली ती नेमकी दोघांच्या हद्दीवर रोपं लावायला. आईचे वडील, कुचेरा आजोबा, त्या टोळीत मजुरीला होते. त्या मजुरीवर त्यांचं घर टिकलं. वोंद्रा आजोबांनी फक्त जागा दिली, आणि धान्य गोदामावर कॉफी पिताना सगळ्यांना सांगितलं, "कुचेराची धूळ माझ्या घरात येऊ नये म्हणून दिली. झाडं त्याच्या राष्ट्राध्यक्षाची, सावली माझी."

तुमचं लग्न झालं आणि हद्द मोडली. झाडं राहिली.

तुमचं आणि आईचं ते रोजचं भांडण मला अजून शब्दशः येतं. बदकाचं मांस, उकडलेले पिठाचे गोळे आणि आंबवलेली कोबी असली की हमखास.

"देश उठला तो लढाईनं. त्याच्या झाडांनी नाही."

"लढाई लागली एकेचाळीसला. छत्तीस साली आम्ही काय खायचं होतं, लढाईची वाट?"

"आम्ही खाल्लंच ना काहीतरी."

"धूळ खाल्लीत. अजून बोलताना दात करकरतात तुमचे."

मग तुम्ही डुकराच्या पिलांवर यायचात. भाव वर यावेत म्हणून सरकारनं पिलं विकत घेऊन मारली, तेव्हा वोंद्रा आजोबांनी आपली पिलं स्वतः गाडीत चढवून दिली होती, आणि तुम्ही फाटकावर बसून पाहत होतात. "पिलं मारून देश वर आणतात का कुणी?" आई म्हणायची, "देश राहू दे. गोळे गार होताहेत."

मी लहान असताना मला वाटायचं की हा प्रश्न सोडवता येण्यासारखा आहे, आणि पुरेसं शिकले की मी तो सोडवीन. विद्यापीठात मी यावर वाचलं. सोडवता येत नाही. आकडे दोघांच्याही बाजूचे मिळतात.

लिबुशे


२ मे १९७६

बाबा,

तुमचं पत्र मोठं होतं. दोन्ही बाजूंनी लिहिलेलं पत्र तुमच्याकडून मला पहिल्यांदाच आलं.

"ह्या वर्षी पुन्हा कुणीतरी निवडून येईल आणि देश वर काढतो म्हणेल, आणि वर काढताना कुणाचा तरी हात उपटेल," हे वाक्य मी ऑफिसात वाचून दाखवलं. कुणाचं ते सांगितलं नाही. हसले लोक.

पत्रातली बाकीची मांडणी अशी आहे: सरकारनं माणसाला पगार दिला, की त्याची मान खाली जाते, ती मान पुढच्या पिढीत वर येत नाही, म्हणून कुचेरा आजोबा मरेपर्यंत रस्त्यानं बाजूला होऊन चालायचे. ते बाजूला होऊन चालायचे हे खरं. पण आई म्हणायची, घोड्यानं त्यांचा गुडघा फोडला होता. दोन्ही कारणं एकाच वेळी असू शकतात.

तुम्ही सभागृहातल्या त्या दुपारबद्दल लिहिलंत, म्हणून मीही लिहिते. आईला पुरून आपण सगळे गावच्या मंडळाच्या सभागृहात जेवायला बसलो होतो. शिमेक म्हणाला, "म्हाताऱ्या कुचेराला पुरताना शेजारी फावडं ठेवायला हवं होतं, टेकायला." सरकारी मजूर फावड्याला टेकून उभे राहतात हा विनोद या भागात चाळीस वर्षं जुना आहे, त्यामुळे लोक सवयीनं हसले. तुम्हीही हसलात. मी उभी राहून म्हणाले, "आज तरी हसू नका, बाबा. हसण्यासारखं तुमच्याकडे उरलंय काय?"

तुम्ही लिहिता की हे वाक्य मी सगळ्या गावासमोर बोलले. बरोबर. शिमेकचं वाक्यही सगळ्या गावासमोरच होतं. मी आत्ता यापुढे जात नाही.

माझ्याबद्दल तुम्ही विचारलंत: "तिकडे काय करतेस दिवसभर?" शेतात चालते. ठरलेल्या अंतरावर गिरमिट जमिनीत फिरवते, बाहेर आलेली माती ओली करते, रंग पुस्तकातल्या चौकटींशी ताडते, विमानातून काढलेल्या फोटोवर रेघ ओढते. इथली माती बहुतेक वाळूच आहे, त्यामुळे आश्चर्य कमी. शेतकरी गाडी थांबवून विचारतात, "तुमचे साहेब कधी येणार?" मी सांगते, आलेत. मग ते गाडीत डोकावून पाहतात.

एका बाईंच्या घरात वरची खोली घेतली आहे. मिसेस टॉर्गरसन. रविवारी त्या विचारतात, कुणी येणार आहे का जेवायला, म्हणजे मी जास्तीचे बटाटे घालते. मी नाही म्हणते. त्या तरी घालतात. गेल्या गुरुवारी दिवसभरात मी एकच वाक्य बोलले आणि ते कुत्र्याला उद्देशून होतं. ही तक्रार नाही. तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं.

झाडांबद्दल अजून विचार करते आहे. तुम्ही घाई करत नाही याची नोंद घेतली.

लिबी


६ जून १९७६

बाबा,

तुमचं वीस मेचं पत्र मिळालं, आणि परवाचंही.

मेअखेरच्या स्मृतिदिनाला, सगळे थडग्यांवर फुलं वाहतात त्या दिवशी, मी घरी आले नाही. आईच्या थडग्यावर पिओनीची पांढरी फुलं कुणी ठेवली असं तुम्ही विचारलंत. पिओनी या दिवसांत सगळ्यांच्याच अंगणात असतात.

एक तांत्रिक प्रश्न आहे. पट्ट्याच्या पश्चिमेकडच्या, म्हणजे वोंद्रांच्या बाजूच्या पाच ओळी पूर्वेकडच्या पाच ओळींपेक्षा नेहमीच दाट होत्या. मला शाळेत असल्यापासून दिसत होतं. माती दोन्हीकडे एकच, रोपं एकाच गाडीतून आलेली, लावणारी टोळीही एकच. आई हसून म्हणायची, "तुझ्या बापाकडची झाडं रागावर पोसली आहेत." ते कारण मी धरत नाही.

अशी रोपं जगतात की नाही हे फक्त एका गोष्टीवर ठरतं: पहिली तीन वर्षं त्यांच्या ओळींमधलं गवत कुणी खुरपलं का. टोळी रोपं लावून निघून जायची. खुरपणी जमीनमालकानं करायची असा करार असे. कुचेरा आजोबांचा गुडघा लावणीनंतर लगेच फुटला, त्यामुळे त्यांची बाजू विरळ राहिली हे समजतं. वोंद्रा आजोबांनी मात्र, तुम्ही आयुष्यभर सांगत आलात, त्या झाडांना हात लावला नाही.

दुष्काळाची वर्षं होती ती. कुणीही हात न लावता त्या पाच ओळी कशा उभ्या राहिल्या?

लिबी


२७ जून १९७६

बाबा,

पत्र मिळाल्यावर मी ते दोनदा वाचलं, मग मिसेस टॉर्गरसनना वाचून दाखवलं. विचारून करायला हवं होतं. त्यांचे डोळे आता नीट चालत नाहीत, आणि पत्र कुणालातरी मोठ्यानं वाचून दाखवावं असं मला वाटलं.

मला ज्या ओळी पाठ झाल्या आहेत त्या अशा:

"तू विचारलंस म्हणून सांगतो पोरी, नाहीतर हे माझ्याबरोबरच जायचं होतं. माझा बाप उजाडायच्या आत जाऊन खुरपायचा. सगळ्या पाच ओळी. रस्त्यावर कुणाची गाडी दिसली की ओणवा व्हायचा, बुटाची नाडी बांधतोय असं दाखवायला. थोरला शिमेक एकदा थांबून म्हणाला, अँटन, तुझे बूट फार सुटतात. मग दुपारी गोदामावर जाऊन तोच बाप त्या माणसाला आणि त्याच्या झाडांना अशा शिव्या द्यायचा की कॉफी विटावी. मला वाटायचं बाप सकाळी गाईंकडे जातो. लढाईवरून परत आलो तेव्हा माझ्या आईनं सांगितलं. तोवर उशीर झाला होता. शिव्या त्याच्या नुसत्या तोंडात होत्या. मी लहान होतो, मी गिळल्या."

शेवटून दुसरं वाक्य मी अजून नीट तपासते आहे.

मला त्यावर काही मत द्यायचं नाही. दोन प्रश्न आहेत. एक, हे आईला ठाऊक होतं का? दोन, तुम्ही हे आत्ताच का सांगितलंत?

दुसऱ्याचं उत्तर दिलं नाही तरी चालेल.

इथे पाऊस नाही. वाळूच्या टेकड्यांवरचं गवत जूनमध्येच पिवळं पडलं आहे. तुमच्याकडे मका गुडघ्यापर्यंत आला असेल, किंवा नसेल. विहिरीचं पाणी किती खाली गेलं ते कळवा. एल्मची पालवी कशी आहे हेही कळवा.

लिबी


१५ ऑगस्ट १९७६

बाबा,

हे पत्र मी जुलैत लिहायला हवं होतं. तीन वेळा सुरू केलं. कच्चे मसुदे ठेवण्याची माझी पद्धत नाही, त्यामुळे ते जोडता येत नाहीत.

आधी तुमच्या उत्तराबद्दल. तुम्ही लिहिलंत, "तुझ्या आईला ठाऊक होतं. तिनं लहानपणी पलीकडच्या बाजूनं माझ्या बापाला खुरपताना पाहिलं होतं. लग्नानंतर मी सांगायला गेलो तर म्हणाली, मला माहीत आहे, पण टेबलावर हे आणू नका, मग आपण बोलायचं कशावर?"

म्हणजे तीस वर्षं तुम्ही दोघं अशा गोष्टीवर भांडत होतात जी दोघांनाही ठाऊक होती. मी समोर बसून गोळे खात होते आणि बाजू ठरवत होते.

आता माझ्याकडची माहिती. स्मृतिदिनाला मी घरी आले नाही असं मी लिहिलं होतं. ते वाक्य खरं आहे. मी कब्रस्तानात आले होते. मिसेस टॉर्गरसनच्या अंगणातल्या पिओनी आईला ठेवल्या आणि परत जाताना आपल्या रस्त्यानं गेले, नाल्यावरच्या पुलापर्यंत.

पुलावरून आधी झाडं दिसतात, मग छप्पर दिसतं. त्या दिवशी सरळ छप्परच दिसलं. मला वाटलं मी वळण चुकले. मग शिमेकच्या बुलडोझरचे माग दिसले, आणि शेताच्या टोकाला मुळांचे आणि बुंध्यांचे ढीग, जाळायला रचून ठेवलेले. पानं सुकलेली होती. झाडं पाडून महिना तरी झाला असावा. वीस मेच्या पत्रात तुम्ही मला कळवलं होतं की एल्मला यंदा पालवी उशिरा आली. ते पत्र तेव्हा माझ्या गाडीतच होतं.

झाडं होती तिथली माती दोन्ही शेतांपेक्षा खूप गडद आहे. लांब काळा पट्टा उमटला आहे, सावली पडावी तसा. रंगांचं पुस्तक बरोबर होतं. मी काढलं नाही.

तुम्ही त्या पट्ट्यात होतात. ओणवे होऊन मुळांचे तुकडे हातानं वेचून बादलीत टाकत होतात. ट्रॅक्टर गोठ्यापाशी उभा होता. मला आधी वाटलं तुम्ही बुटाची नाडी बांधताय; पण हे मला नंतर वाटलेलं असेल, कारण ती गोष्ट तुम्ही अजून सांगितली नव्हती. आठवणीत अशा चुका होतात. तुम्ही एकदा रस्त्याकडे पाहिलंत. मी गाडी बंद केली नव्हती. निघाले.

म्हणजे सहा जूनला मी पश्चिमेच्या ओळींबद्दल विचारलं तेव्हा त्या ओळी नाहीत हे मला ठाऊक होतं. सत्तावीस जूनला एल्मची पालवी विचारली तेव्हाही. आणि तुम्ही त्यावर "एल्म तसेच, सीडर बरे" असं उत्तर पाठवलंत. माझ्या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तराची मी वाट पाहिली नाही, कारण ते मला पुलावरच मिळालं होतं. झाडं उभी असती तर तुम्ही ती खुरपणीची गोष्ट सांगितली नसतीत.

राग आहे. त्याबद्दल वेगळ्या पत्रात लिहीन, कारण तो बराच आहे आणि या पत्रात मावणार नाही. जमीन माझीही होती. तुम्ही विचारलंत, आणि उत्तर यायच्या आत पाडलीत.

हे मी आजही लिहिलं नसतं. पण मंगळवारी अल्बीना आत्याचा फोन आला. मिसेस टॉर्गरसननी खालून हाक मारली तेव्हा मला वाटलं तुमचं काही झालं. आत्याचं बोलणं जसंच्या तसं देते. तुम्हाला बहिणीचा आवाज ऐकू येईलच.

"लिबे, तुझ्या बापाचं डोकं ठिकाणावर नाही. रोज टपालपेटीपाशी उभा. पोस्टमननं विचारलं तर म्हणतो, खताचं बिल यायचंय. खत टाकलंय कुणी यंदा? मका करपून चाललाय, शिमेकचा नळ त्याच्या आवारात गंजतोय, आणि हा बसवू देत नाही. लेनर्ड परवा माझ्या घरी येऊन डोकं धरून बसला. म्हणाला, मी एमिलला विचारलं, नळ कधी जोडू? तर म्हणतो, थांब, मुलीचा होकार आलेला नाही. मी म्हटलं, अरे शहाण्या, झाडं तर तू एप्रिलातच पाडून घेतलीस माझ्याकडून. माझं यंत्र त्या आठवड्यात मोकळं होतं म्हणून तूच मागं लागलास. तर म्हणतो, हो, पण होकार आलेला नाही ना. आता सांग, याला काय म्हणावं?"

मी आत्याला म्हणाले, म्हणणं नियमाला धरून आहे.

आत्या म्हणाली, "तुम्ही दोघं एकाच मातीची. तू एकदाची हो म्हण आणि मोकळी हो. झाडं गेलीच आहेत. मेलेल्याला औषध कसलं?"

मी विचार करते म्हणाले. आत्यानं फोन ठेवला. तुमच्यासारखाच, न सांगता.

मग मी खरंच विचार केला. आत्याचा मुद्दा व्यवहाराचा आहे. मी हो लिहिलं, की शिमेक नळ जोडेल, उरलेला मका कदाचित वाचेल, आणि प्रश्न मिटेल. प्रश्न मिटला की तुम्हाला मला लिहायचं काही कारण राहणार नाही. मलाही नाही. मार्चच्या आधीचं दीड वर्ष कसं गेलं ते मला आठवतं. तुम्हालाही आठवत असावं, असा माझा अंदाज आहे. पुरावा अल्बीना आत्याचा, म्हणजे कच्चा.

मका मात्र वाचायला हवा. म्हणून पाण्यापुरतं हे लिहून देते: शिमेकनं नळ या आठवड्यात जोडावा. पूर्ण फिरवावा. त्याला हे पत्र दाखवायचं असेल तर फक्त एवढाच परिच्छेद दाखवा, बाकीचा घडी घालून झाका.

झाडांची गोष्ट वेगळी आहे. ती काढावीत की नाही यावर तुम्ही मार्चमध्ये माझं मत मागितलं होतं आणि मी ते अजून दिलेलं नाही. एप्रिलमध्ये मी लिहिलं होतं की "नको" म्हणायला कारण सापडत नाही. अजूनही सापडलेलं नाही. एल्म मेलेच होते. आकडे तुमच्याच बाजूचे आहेत. तरी मला ती हवी होती. हे वाक्य मी कारणाशिवाय लिहिते आहे आणि तसंच राहू देते.

वोंद्रा आजोबांनी ती कुणासाठी खुरपली यावर तुमचं मत काय? राष्ट्राध्यक्षासाठी नाही हे उघड आहे. कराराला बांधील होते म्हणून, असं तुम्ही म्हणाल. करार मोडणारे त्या भागात पुष्कळ होते. धुळीच्या भीतीनं, असंही म्हणाल. ते मला अर्धं पटेल. आणि तीच माणसं, तीच झाडं, तीच मजुरी असताना एका घरानं ती उपकार म्हणून सांगितली आणि दुसऱ्यानं अपमान म्हणून, यातलं बरोबर कोण, हे आईनं टेबलावर कधीच मिटू दिलं नाही. मला वाटत होतं तिला मिटवता आलं नाही.

तेव्हा झाडांबाबत माझा निर्णय अजून झालेला नाही. तुमचे मुद्दे लेखी पाठवा. सगळे एकाच पत्रात लिहू नका.

लिबी